‘सेफ’ पिवळा : एका शेडकार्डाचं परीक्षण

या ब्लॉगवर मी सहसा शोधनिबंध घेऊन बसते. दावा काय केलाय, पुरावा काय दिलाय आणि दोघांमध्ये अंतर किती आहे, एवढं बघायचं. आज तेच एका शेडकार्डाच्या बाबतीत करायचंय. हसू नका. रंगाच्या दुकानात फुकट मिळणारं ते घडीचं पत्रक आपल्या घरांवर जेवढा परिणाम करतं, तेवढा माझ्या विषयातल्या एकाही शोधनिबंधाने अजून केलेला नाही. आणि त्याचं परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही.

झालं असं की मागच्या दिवाळीआधी आमचं साताऱ्याचं घर रंगवायला काढलं. आजीच्या खोलीला आधी निळा डिस्टेंपर होता, चांगला गडद, जुन्या घरांमध्ये असायचा तसा. ओलीने पोपडे आले होते. बाबा शेडकार्ड घेऊन आले आणि आजीने बोट ठेवलं ते एका फिकट, उबदार पिवळ्यावर. "हा सायीसारखा आहे, हा लावा." बाबांनी पुण्यात मला फोटो पाठवला. मी प्रयोगशाळेतूनच उत्तर दिलं, "छान आहे, सेफ आहे."

‘सेफ’ हा शब्द माझा नव्हता. शेडकार्डावर त्या रंगांच्या रांगेखाली साधारण तेच लिहिलं होतं: कुठल्याही खोलीला, कुठल्याही फर्निचरला, कुणालाही चालेल असा रंग. मी तो शब्द न तपासता पुढे ढकलला. शोधनिबंधात कोणी असं केलं असतं तर मी इथे दोन परिच्छेद खर्ची घातले असते. म्हणून हे परीक्षण थोडं माझंही आहे.

आधी पिवळा म्हणजे काय ते बघू

योगायोग असा की माझं पीएचडीचं काम एका पिवळ्या पावडरीवरच चालतं. बिस्मथ व्हॅनाडेट. सूर्यप्रकाशाच्या मदतीने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन मिळवता येईल का, यासाठी आम्ही ती वापरतो. हाच पदार्थ रंगांच्या कारखान्यांत पिवळं रंगद्रव्य म्हणूनही वापरला जातो. दोन्हीकडे त्याचा गुण एकच: साधारण ५२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश, म्हणजे निळा आणि जांभळा, तो शोषून घेतो. बाकीचा हिरवा, पिवळा, लाल परत पाठवतो. आपल्याला तो पिवळा दिसतो.

घरच्या भिंतीच्या फिकट पिवळ्यात बहुतेक वेळा वेगळं रंगद्रव्य असतं, पिवळं आयर्न ऑक्साइड. म्हणजे रसायनाच्या दृष्टीने पूर्वी चुन्यात घालायच्या त्या पिवडीचंच भावंड. दुकानातलं मशिन पांढऱ्या बेसमध्ये त्याच्या मोजक्या पिचकाऱ्या मारतं. बेसमधलं टायटॅनियम डायॉक्साइड जवळजवळ सगळा दृश्य प्रकाश परत पाठवतं, आणि पिचकारीतलं रंगद्रव्य त्यातला थोडासा निळा खातं.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: पांढरा आणि फिकट पिवळा यांच्यात फरक असतो तो फक्त थोड्याशा निळ्या प्रकाशाचा. तो निळा प्रकाश कुठे कमी पडला, की दोन रंगांमधला फरकही गेला.

शेडकार्डाची पहिली चूक : तुकडा म्हणजे खोली नव्हे

रंग लागला त्या दिवशी बाबांचा फोन. "हे भलतंच पिवळं झालंय. दुकानदाराने डबा बदलला." दुकानदाराने काही बदललेलं नव्हतं. भिंतीनेच रंग वाढवला होता.

हिशोब सोपा आहे. सोयीसाठी धरा की हा रंग १०० भाग लाल प्रकाशातला ८५ भाग परत पाठवतो आणि १०० भाग निळ्यातला ६० भाग. शेडकार्डाचा तुकडा हातात धरला की प्रकाश त्यावर एकदा आपटून डोळ्यात येतो. म्हणजे लाल ८५, निळा ६०. निळा लालाच्या साधारण ७० टक्के. सायीसारखाच.

पण खोलीत चार भिंती समोरासमोर उभ्या असतात. प्रकाश एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जातो आणि मग डोळ्यात येतो. दोनदा आपटल्यावर लाल उरतो ७२ आणि निळा ३६, म्हणजे बरोबर निम्मा. तिसऱ्यांदा आपटला तर लाल ६१, निळा २२. प्रत्येक फेरीत पिवळेपणा वाढतोय. कोपऱ्यांमध्ये तर सगळ्यात जास्त, कारण तिथे दोन भिंती अगदी जवळून एकमेकींवर प्रकाश फेकतात. दिवसा कुठल्याही पिवळ्या खोलीचा कोपरा नीट बघा, तो मधल्या भिंतीपेक्षा गडद आणि केशरी वाटेल.

हे फक्त पिवळ्याचं नाही, सगळ्याच रंगांचं होतं. पण गडद रंग मुळात प्रकाश फार परत पाठवत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात फेऱ्या लवकर संपतात. फिकट रंगांत त्या चालू राहतात. म्हणजे ज्या रांगेला कार्ड सगळ्यात निरुपद्रवी म्हणतं, तिथेच तुकडा आणि खोली यांच्यातली तफावत डोळ्यात भरते.

दुसरी चूक : दिव्याचा पत्ताच नाही

शेडकार्डावर रंगाचं नाव असतं, नंबर असतो, कधीकधी तो किती प्रकाश परावर्तित करतो याचा आकडाही असतो. तो कुठल्या दिव्याखाली बघायचा हे मात्र ठळकपणे कुठे नसतं. प्रयोगशाळेत मी असा आलेख दाखवला तर गाईड विचारतील, "सोर्स कुठला?" आणि मला घरी पाठवतील.

आपल्याकडे घरोघरी दोन प्रकारचे एलईडी दिसतात. एक पांढराशुभ्र, खोक्यावर ६५०० के लिहिलेला. दुसरा पिवळसर, २७०० किंवा ३००० के. दोन्हींच्या आत असते निळा प्रकाश देणारी चिप, आणि त्यातला काही भाग पिवळ्यात बदलणारी पावडर. (बंद एलईडी दिव्याचं झाकण काढून बघितलंत तर चिपवर पिवळे ठिपके दिसतील, ती हीच.) पांढऱ्या दिव्यात निळा भरपूर उरतो. त्याखाली फिकट पिवळ्याला लिंबासारखी, किंचित हिरवट झाक येते. पिवळसर दिव्यात निळा कमी. त्याखाली तोच रंग मऊ, लोण्यासारखा दिसतो. पण त्याच वेळी बाजूचा पांढरा दरवाजाही लोण्यासारखाच दिसायला लागतो.

कारण वर सांगितलंच आहे. फरक होता थोड्या निळ्याचा. दिव्यानेच निळा दिला नाही, तर भिंत खाणार काय?

खिडकीचंही तसंच. उत्तरेच्या खिडकीतून येतो तो मुख्यतः आकाशाचा निळसर उजेड, पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी येतं तांबूस ऊन. एकाच डब्यातला रंग दोन खोल्यांत दोन रंगांचा दिसतो आणि मग आपण रंगाऱ्याशी भांडतो.

तिसरी चूक : "पिवळ्याने मन प्रसन्न होतं"

हा दावा तुम्ही शेडकार्डावर, वर्तमानपत्राच्या पुरवणीत आणि घरसजावटीच्या प्रत्येक व्हिडिओत ऐकला असेल. जोडीला उलटाही असतो: पिवळ्या खोलीत बाळं जास्त रडतात. दोन्ही एकाच दमात सांगणारेही भेटतात.

पिवळ्याबद्दलचा एक चांगला अभ्यास मी वाचलाय. २०१९ मध्ये लोझान विद्यापीठातल्या संशोधकांनी इतर सहकाऱ्यांबरोबर ५५ देशांतल्या साडेसहा हजारांहून जास्त लोकांना विचारलं, की पिवळा म्हटल्यावर तुम्हाला कुठली भावना आठवते. निष्कर्ष गमतीचा होता. विषुववृत्तापासून जितकं लांब आणि पाऊस जितका जास्त, तितके लोक पिवळ्याचा संबंध आनंदाशी जोडत होते. फिनलंडमध्ये हे प्रमाण खूप मोठं, इजिप्तमध्ये अगदी थोडं. ऊन दुर्मीळ असेल तिथे पिवळा हवाहवासा वाटतो, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला.

दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, प्रश्न ‘पिवळा’ या शब्दाबद्दल होता. पिवळ्या भिंतींच्या खोलीत कोणाला बसवून काही मोजलं नव्हतं. दोन, हाच अभ्यास खरा मानला तर "पिवळा सगळ्यांना आनंद देतो" हे वाक्य पडतं, कारण उत्तर राहण्याच्या जागेप्रमाणे बदलतंय.

लंडनमध्ये सर जॉन सोन या वास्तुविशारदाचं घर आहे, आता ते संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने दिवाणखाने झगझगीत पिवळे केले आणि छतातल्या काही काचाही पिवळसर बसवल्या. लंडनच्या राखाडी उजेडाला दिलेलं ते विचारपूर्वक उत्तर होतं, निदान मी ते तसं वाचते. पण तेच उत्तर मे महिन्यात भरदुपारी साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या खोलीला द्यायचं, तर आधी तिथला प्रश्न काय ते विचारायला नको?

आणि खोलीच्या रंगाने माणसाची वागणूक बदलते, या दाव्याचा इतिहास जरा सावध करणारा आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या नौदलाच्या कोठडीत एका गुलाबी रंगाने कैदी शांत होतात असा गाजावाजा झाला. जगभर कोठड्या गुलाबी झाल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्विस तुरुंगात नीट तुलना करून पाहिलं, तर गुलाबी आणि पांढऱ्या कोठडीत आक्रमकपणाचा फरक सापडला नाही. रंगाचा मनावर काहीच परिणाम होत नाही असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते, की शेडकार्डाच्या तळटिपेइतका तो सोपा नाही.

‘सेफ’चा एक शब्दशः अर्थ

इथे थोडं थांबून एक कामाची गोष्ट सांगते. जुना चमकदार पिवळा ऑइलपेंट अनेकदा लेड क्रोमेटचा असायचा, म्हणजे त्यात शिसं. लहान मुलांच्या मेंदूला शिसं किती घातक आहे याबद्दल आता काहीच वाद नाही. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आणली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. पण त्याआधीचे दरवाजे, खिडक्या, गज अजून घरोघरी आहेत. रंगकामाच्या वेळी ते कोरडेच पॉलिशपेपरने घासू देऊ नका. पाणी मारून ओले घासा, पोरांना लांब ठेवा, आणि धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसा. शेडकार्डाने ‘सेफ’ म्हणायचंच असेल तर ही ओळ तिथे छापावी.

चौथी चूक : बघणारा कोण?

आता मूळ मुद्दा.

रंग लागल्यानंतर घरात सगळे कुरकुरत होते, एकटी आजी खूश होती. "मला तर पांढराच दिसतोय," म्हणाली. आम्ही हसलो. मग हळूहळू दुसरं काहीतरी सुरू झालं. रात्री दिवा लावायला गेली की तिला बटणं सापडेनात. हात भिंतीवर फिरवत राहायची. दाराच्या चौकटीला दोनदा खांदा आपटला. एकदा खोलीतून बाहेर यायला निघाली आणि दार सोडून भिंतीपाशीच जाऊन उभी राहिली. बाबा चिडायचे, "चाळीस वर्षं त्याच जागी बोर्ड आहे, आई!" आई मला फोनवर हळू आवाजात म्हणाली, "त्यांना आता आठवत नाही गं." मीही मनात तेच नाव घेतलं, जे अशा वेळी सगळ्यांच्या मनात येतं. विसरभोळेपणा. मग त्याच्या पुढचं.

जानेवारीत तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी निघाल्यावर मी घरी होते. आजी पलंगावर बसून एकेक डोळा झाकून बघत होती. उजव्याने, मग डाव्याने, परत उजव्याने. म्हणाली, "या डोळ्यानं चादर पांढरी आहे आणि भिंत पिवळी. त्या डोळ्यानं दोन्ही सारखीच." मग थोड्या वेळाने, "आणि अगं, बटणं तर तिथंच आहेत की."

मला बसायला लागलं. मी रोज जो आलेख काढते, तोच होता हा.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं. मोतीबिंदूत ते आणखी पिवळं, कधी तपकिरी होतं. पिवळं म्हणजे काय? निळा प्रकाश अडवणारं. जग एकदम पिवळं झालंय असं त्या माणसाला वाटत नाही, कारण बदल वर्षानुवर्षं इंचाइंचाने होतो आणि मेंदू जुळवून घेतो. पण जो निळा प्रकाश आतच पोचत नाही, त्यातला फरक मेंदू कुठून आणणार? आजीच्या डोळ्यासाठी आमची फिकट पिवळी भिंत, पांढरा स्विचबोर्ड आणि पांढरी चौकट हे सगळं एकच पृष्ठभाग होतं.

आणि जुनी निळी भिंत? पिवळ्या भिंगातून निळा रंग अजून गडद दिसतो. त्यावर पांढरा बोर्ड उठून दिसायचा. चाळीस वर्षं तो तिला अंधारातसुद्धा सापडत होता. तो आम्ही तिच्याकडून काढून घेतला, आणि वर तिलाच विसराळू ठरवलं.

प्रयोग करून बघायचा असेल तर पिवळा जिलेटिन पेपर आणा, दोन-तीन पदर करा आणि त्यातून आपल्या घरातल्या फिकट पिवळ्या भिंतीवरचा पांढरा बोर्ड बघा. मोतीबिंदूतलं धूसरपण त्यात नाही, पण रंगाचं काय होतं ते कळेल.

क्लोद मोने या चित्रकाराला मोतीबिंदू होता, त्याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, आणि त्याआधी व नंतर त्याला रंग कसे दिसत होते यावर बरंच लिहिलं गेलंय. वाचलंत तर मजा येईल. पण खरं सांगू का, मोन्यावर वाचताना मला हे इतकी वर्षं ‘कलेच्या इतिहासातला रंजक किस्सा’ वाटत होतं. आपल्याच माजघरात हेच चाललंय हे लक्षात आलं नाही.

मग पिवळा लावायचा की नाही?

लावा. मला अजूनही तो रंग आवडतो. माझा आक्षेप रंगाला नाही, ‘सेफ’ या शब्दाला आहे. शेडकार्ड असं भासवतं की रंग डब्यात असतो आणि तो भिंतीवर फासला की काम झालं. प्रत्यक्षात तो खोली, दिवा आणि बघणाऱ्याचा डोळा या तिघांत मिळून तयार होतो. आणि फिकट पिवळा तर थोड्याशा निळ्या प्रकाशाच्या फरकावरच जगतो, म्हणून त्या तिघांतलं कोणीही जरा हललं की तोही हलतो.

आम्ही भिंत पुन्हा रंगवली नाही. स्विचबोर्डाभोवती चार बोटं रुंद गडद चॉकलेटी पट्टा मारला. चौकटही तीच केली. खर्च एका छोट्या डब्याचा. तुम्ही रंगवायला काढणार असाल तर आधी एवढं करा:

– एका मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्याला त्याच रंगाचे दोन हात मारा. वाळल्यावर तो त्या खोलीतच, वेगवेगळ्या भिंतींवर धरून सकाळी, दुपारी आणि रात्री तुमच्याच दिव्याखाली बघा.

– तोच पुठ्ठा पुस्तकासारखा अर्धवट मिटून आतल्या घडीत बघा. खोलीत रंग साधारण त्या दिशेने जाणार आहे. तो जास्त वाटला तर एक-दोन पायऱ्या फिकट घ्या.

– बोर्ड, चौकट, कठडा, पायरी यांचा पुठ्ठ्यासोबत फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. फोटोत जे भिंतीत विरघळलं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही सापडणार नाही. तिथे गडद रंग द्या.

– आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. "आवडला का?" असं नको. "बटण कुठाय, दाखव" असं विचारा.

आजीचा डावा डोळा मार्चमध्ये झाला. नंतर एक दिवस ती भिंतीकडे बराच वेळ बघत बसली होती. मी विचारलं, "काय गं, आवडला का आता रंग?"

"रंग बरा आहे," ती म्हणाली. "पण मी सायीचा सांगितला होता. हा तुम्ही हळद घातलेला आणलात."

दुकानदाराने डबा बदललेला नाही, हे मी तिला समजावायचा प्रयत्न केला. कोपऱ्यात नेलं, पुठ्ठा मिटून दाखवला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "हे तुला आधीपासून माहीत होतं?"

माहीत होतं. म्हणूनच हे लिहिलं.